जंगलातून दूरच्या तळ्यापर्यंत आणि त्याच दिवशी परत : वेळेचे गणित कसे मांडावे?

वाटसरू (प्रश्न)

माझी धाकटी बहीण आणि मी, असे आम्ही दोघे, दाट जंगलातून एका दूरच्या तळ्यापर्यंत चालत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा बेत करीत आहोत. तळ्याकाठी मुक्काम करण्यास मनाई आहे, त्यामुळे रात्री राहण्याचा पर्याय नाही. नकाशावर मोजले असता एका बाजूचे अंतर १३ किलोमीटर भरते. पहिले दोन किलोमीटर रुंद गाडीवाट आहे आणि पुढे तळ्यापर्यंत पायवाट. नवव्या किलोमीटरच्या सुमारास एक खिंड लागते, ती सुरुवातीच्या जागेपेक्षा ७०० मीटर उंच आहे, आणि तिथून तळे १५० मीटर खाली आहे. त्या दिवसांत सूर्योदय सव्वासहाला आणि सूर्यास्त पावणेसातला होतो.

सपाटीवर आम्ही तासाला पाच किलोमीटर सहज चालतो. त्या हिशेबाने २६ किलोमीटरला सव्वापाच तास, वर विश्रांतीचे दोन-अडीच तास धरले, तरी आठ तासांत परत येऊ असे मला वाटते. म्हणून सकाळी आठला निघावे, असा विचार आहे. बहिणीचे म्हणणे मात्र असे की, हे गणित कुठे तरी चुकते आहे. कुठे चुकते आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. तळ्याकाठी किमान तासभर शांत बसता यावे, एवढीच आमची इच्छा आहे आणि त्यासाठी बाकी हवी ती तयारी करण्यास आम्ही तयार आहोत.

जुनी पायवाट

तुमच्या बहिणीचे म्हणणे बरोबर आहे. आठला निघालात तर परतीचे शेवटचे काही किलोमीटर अंधारात काढावे लागतील. तुमच्याच आकड्यांवरून ते दाखवतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास, असे त्याचे ढोबळ रूप आहे. तुमच्या हिशेबात चढ धरलेलाच नाही. जाताना ७०० मीटर चढ आहे, आणि येताना तळ्यापासून खिंडीपर्यंतचे १५० मीटर पुन्हा चढायचे आहेत. हा परतीचा चढ लोक हमखास विसरतात, कारण मनात ‘येताना उतारच’ असे बसलेले असते.

जाताना १३ किलोमीटरला २ तास ३६ मिनिटे आणि चढाला १ तास १० मिनिटे, म्हणजे ३ तास ४६ मिनिटे होतात. येताना २ तास ३६ मिनिटांत चढाची १५ मिनिटे मिळवली की २ तास ५१ मिनिटे होतात. हा हिशेब मात्र मोकळ्या, बऱ्या वाटेवर न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. दाट जंगलात आडवी पडलेली खोडे ओलांडावी लागतात, ओहोळातल्या दगडांवरून पाऊल जपून टाकावे लागते, मुळांच्या जाळ्यावरून चालताना नजर सतत खाली ठेवावी लागते आणि दर थोड्या वेळाने वाट हीच ना, याची खात्री करावी लागते. म्हणून जंगलासाठी मी हा वेळ दीडपट धरतो. म्हणजे जाण्यास ५ तास ४० मिनिटे आणि येण्यास ४ तास १७ मिनिटे. त्यात दोन्ही बाजूंच्या विश्रांतीचा अर्धा-अर्धा तास आणि तळ्याकाठचा एक तास मिळवा, की साधारण बारा तास होतात. तुमच्याकडे उजेड साडेबारा तासांचा आहे.

यावर उपाय एकच आहे आणि तो म्हणजे पहाटे निघणे. सुरुवातीची दोन किलोमीटर गाडीवाट आहे, हे तुमचे भाग्य. हेड टॉर्च लावून साडेपाचला निघालात, तर पायवाटेला लागेपर्यंत झुंजूमुंजू झालेले असेल. मग सव्वादहाच्या सुमारास खिंड, पावणेबाराच्या आत तळे, पावणेएकच्या आत परतीला सुरुवात आणि साडेपाचच्या आत गाडीवाट संपवून मुक्कामी, असा दिवस जमतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मागे फिरण्याची वेळ घरी बसून, नकाशासमोर ठरवा आणि कागदावर लिहा. दाट पर्णछताखाली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येते. आकाश उजळ दिसत असताना पायाखालचे दगड दिसेनासे होतात. त्यामुळे पावणेसातचा सूर्यास्त असला तरी पावणेसहाला जंगलाबाहेर असायचे, असे धरा. परतीला पावणेपाच तास लागणार, म्हणजे तळ्यावरून निघण्याची शेवटची वेळ दुपारी एक. तळे दिसो वा न दिसो, एक वाजता पाठ फिरवायची. खिंडीलाही अशीच एक वेळ लावून घ्या. साडेअकरानंतर तिथे पोहोचलात, तर पुढे उतरू नका, कारण तळ्यापर्यंत सव्वा तासाहून अधिक लागेल आणि तुम्हाला तिथे हवा असलेला तास तर मिळणारच नाही. खिंडीतून तळे खाली चमकताना दिसत असेल आणि मन म्हणेल की आता आलेच. त्या क्षणी निर्णय घेणे फार अवघड असते, म्हणूनच तो आधी घेऊन ठेवायचा असतो.

रानफूल

वरील हिशेब मला पटतो, पण दीडपट हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, हे त्यात जोडावेसे वाटते. आधी एखाद्या दिवशी नेमके तेवढेच ओझे पाठीवर घेऊन, तसल्याच चढ-उताराच्या वाटेवर दहा किलोमीटर चाला आणि घड्याळ पाहा. दोघांपैकी ज्याचा वेग कमी आहे, त्याचा वेग हाच तुमचा वेग. हळू चालणाऱ्यास पुढे ठेवावे. तो मागे राहिला, की पुढचा माणूस थांबून थांबून विश्रांती घेतो आणि मागचा पोहोचताच पुन्हा निघतो, त्यामुळे ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्यालाच ती मिळत नाही.

मला मुख्यतः वाट चुकण्याविषयी लिहायचे आहे, कारण मी स्वतः अशाच एका परतीच्या वाटेवर चुकले आहे. जाताना आम्ही एका मोठ्या आडव्या खोडाला वळसा घालून डावीकडून पुढे गेलो होतो. येताना त्याच खोडाची दुसरी बाजू समोर आली. तिच्यावर हिरवेगार शेवाळ होते, जे जाताना आम्हाला दिसलेच नव्हते, आणि त्यामुळे ते खोड आम्ही ओळखले नाही. सरळ समोर मोकळी दिसणारी वाट धरली. पालापाचोळा तुडवलेला होता, माती घट्ट होती, त्यामुळे शंका आली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी माझ्या लक्षात आले की फांद्या सारख्या छातीला आणि तोंडाला लागत आहेत, पण गुडघ्याखाली वाट अगदी स्वच्छ आहे. ती ढोरवाट होती. जनावरे खालून जातात, त्यामुळे खालचा भाग मोकळा होतो आणि वरच्या फांद्या तशाच राहतात. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या किंवा छाटलेल्या असतात. तेव्हापासून फांदी तोंडावर आली की मी जागच्या जागी थांबते. त्या दिवशी मागे येऊन खरी वाट सापडेपर्यंत आमची चाळीस मिनिटे गेली.

म्हणून जाताना प्रत्येक फाट्यावर, ओहोळ ओलांडल्यावर आणि वाट वळते तिथे मागे वळून पाहा. परतताना तेच दृश्य तुमच्या समोर येणार आहे. फाट्याचा फोटो काढायचा तर तोही परतीच्या दिशेला तोंड करून काढा आणि त्या वेळी घड्याळात किती वाजले, तेही टिपून ठेवा.

मोबाइलमधील जीपीएस नेटवर्कविना चालते, पण नकाशा मात्र आधी उतरवून ठेवलेला असावा लागतो. फोन विमान मोडवर ठेवल्यास बॅटरी पुष्कळ टिकते, कारण नेटवर्क नसलेल्या भागात फोन सतत ते शोधत राहतो. दाट झाडीत आणि घळींमध्ये जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे सरकतो, म्हणून एका ठिपक्यावर विश्वास ठेवून वाट सोडू नका. कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर हवेच. वाट चुकली असे वाटताच थांबा, बसा, पाणी प्या आणि शेवटची खात्रीची खूण कोणती होती ते आठवा. ती जवळ असेल आणि तिथवरची वाट स्पष्ट असेल तर मागे जा. ओहोळाच्या कडेने खाली उतरत राहिले की वस्ती लागते, हा समज घातक आहे, कारण ओहोळ अनेकदा कड्यावरून खाली कोसळतो आणि मग वर चढताही येत नाही.

दोघांकडेही वेगवेगळी शिटी असू द्या. मदतीचा जुना आल्प्समधील संकेत असा आहे की, एका मिनिटात सहा वेळा शिटी वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तसेच करायचे. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. ओरडून घसा बसतो, पण शिटी तासन्‌तास वाजवता येते.

निळे पाणी

तळ्यावर पोहोचल्यावर काय करायचे, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

चालताना ताशी साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हात आणि चढावर त्याहून अधिक. दहा तासांच्या चालीला पाच लिटर होतात, आणि पाच लिटर म्हणजे पाच किलो. म्हणून माणशी तीन लिटर घेऊन निघावे आणि तळ्यावर भरून घ्यावे, पण शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. पाणी कितीही निवळशंख असले, तरी जनावरे तिथेच पाण्यावर येतात. काठावरच्या साचलेल्या पाण्याऐवजी तळ्यात येऊन मिळणाऱ्या ओहोळाचे वाहते पाणी घ्यावे. खळाळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असाल तर तीन मिनिटे. नेहमीचे पोकळ तंतूंचे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू त्यांतून निसटतात. क्लोरीनच्या गोळ्यांचे उलट आहे. त्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही. म्हणून फिल्टर आणि त्यानंतर गोळी, अशी जोडी मी वापरतो.

एका बाबतीत मात्र कोणताही उपाय चालत नाही. पाण्यावर हिरव्या-निळ्या रंगाचा, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, तर ते पाणी उकळूनही पिऊ नये. काही नील-हरित शैवाले विष तयार करतात आणि ते उकळल्याने नष्ट होत नाही. तसे आढळले तर परतीचे पाणी कमी पडेल, म्हणून जाताना वाटेत एखादा वाहता ओहोळ हेरून ठेवा.

पोहण्याचा मोह होईल. घामाघूम होऊन थेट उडी मारू नका. पंधरा अंशांहून थंड पाण्यात अचानक शिरल्यास श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. पट्टीचे पोहणारेही याला अपवाद नाहीत. पाय बुडवून बसावे, त्यातही फार सुख असते. बसताना ओला बनियन बदलून कोरडा घालावा. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि वारा सुटला की अंग गार पडते. खिंडीत तर खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंडी अधिक असेल.

शौचास पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जावे आणि वीतभर खड्डा खणून बुजवावा. साबण पाण्यात अजिबात नेऊ नये. लहान, बंदिस्त तळ्यात आपण सोडलेले काहीही वाहून जात नाही, ते तिथेच राहते.

वाटसरू

तिघांचेही मनापासून आभार. तुमची उत्तरे बहिणीला वाचून दाखवली. परतीचे १५० मीटर मी धरलेच नव्हते, हे तिने आधीच ओळखले होते असे दिसते.

आता साडेपाचला निघणे नक्की केले आहे. खिंडीची साडेअकरा आणि तळ्याची एक, या दोन्ही वेळा नकाशाच्या मागे लिहिल्या आहेत. त्या आधी पुढच्या रविवारी पूर्ण ओझ्यासह दहा किलोमीटर चालून आमचा वेग मोजणार आहोत. एक शंका राहते. घरच्यांना आम्ही परतण्याची वेळ साडेपाच सांगावी की त्याहून उशिराची? थोडा उशीर झाला म्हणून त्यांनी घाबरून जाऊ नये, आणि खरोखर अडचण असेल तर त्यांनी उगाच वाट पाहत बसू नये.

जुनी पायवाट

दोन वेळा सांगा. साडेपाच ही अपेक्षित वेळ आणि रात्री आठ ही शेवटची वेळ. आठपर्यंत तुमचा फोन आला नाही, तर कोणाला कळवायचे, तो क्रमांक त्यांच्याजवळ लिहून ठेवा. सोबत वाटेचा नकाशा, कुठून निघणार, गाडी कुठे लावणार आणि कोणत्या रंगाचे कपडे घालणार, हेही द्या. एकदा हे दिले की आयत्या वेळी वाट बदलू नका, कारण शोधणारी माणसे त्याच कागदावरून शोधतील. आणि बाहेर येताच, पाय कितीही दुखत असले तरी, आधी घरी फोन करा.

हेड टॉर्च परतीसाठीही दोघांकडे हवेत आणि बॅटऱ्या नव्या घाला. पहाटेचा पाऊण-एक तास त्या वापरल्या जाणार आहेतच.