धावपळीतली श्रद्धा, रोजचा आनंद: साक्ष नको, कृती सांगा

ओसरी (धागाकर्ती)
साक्षी (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते अनुभव) ऐकायला छान वाटतात. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरताना, डबे करताना नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मुंबईतल्या दिवसात प्रार्थना कुठे बसवता, किती मिनिटं, काय लागतं आणि कुठे फसतं, तेवढंच लिहा. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, पेंटेकोस्टल, सगळ्या या. कोणाचं बरोबर यावरची भांडणं दुसरीकडे. जीवनकथा नकोत, पाककृती लिहितो तसं लिहा.

विरार_फास्ट
लोकलमधली रोजरी, म्हणजे माळेवरची मरियेची प्रार्थना. पाच दशकांना (एक दशक म्हणजे दहा वेळा नमो मरिया) १५ ते २० मिनिटं लागतात, घाई केली नाही तर. विरारला गाडीत बसल्या बसल्या सुरू करू नका. पहिली दहा मिनिटं "कुठे उतरणार?", पिशव्या वर टाकणं आणि चौथ्या सीटची वाटाघाट यातच जातात. नायगाव सोडलं, खाडीचा पूल आला की सुरुवात करायची. फास्ट गाडीत बोरिवलीपर्यंत बहुतेक पूर्ण होते. अंधेरीला उतरणारीने त्यापुढे लांबवू नये. दाराकडे सरकायची धांदल आणि नमो मरिया एकत्र जमत नाही.

माळ कोणती घ्यायची, हे महत्त्वाचं. पूर्ण माळेत ५९ मणी असतात. धातूच्या साखळीची असेल तर गर्दीत ओढणीला किंवा बॅगेच्या चेनला अडकते आणि मधल्या पदकाजवळची कडी उघडते. दोऱ्याला गाठी मारलेली माळ टिकते. सगळ्यात सोयीची रोजरीची अंगठी: दहा उंचवटे आणि एक क्रूस, अंगठ्याने फिरवत जायची. क्रूस बोटाला लागला की आमच्या बापा (प्रभूची प्रार्थना). उभं राहून एका हाताने कडी धरली असली तरी चालतं.

रहस्ये म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, दर दशकाला एक. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये २००२ साली जोडली गेली, त्यामुळे जुन्या पुस्तिकांत ती सापडणार नाहीत. ग्रुपने म्हणत असाल तर एकीने अर्धी, बाकीच्यांनी अर्धी, आणि आवाज आपल्या बाकापुरता. समोरची नाइट करून परतत असते.

भायखळ्याची
आमच्याकडे रोजरी नाही, पण लोकलचा प्रवास तसाच. मी बायबलमधल्या स्तोत्रांचं तारखेचं गणित सांगते. १५० स्तोत्रं, दिवसाला पाच. आजची तारीख घ्या आणि त्यात तीस-तीस मिळवत जा. सात तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. खूण ठेवायला नको, मागचं किती राहिलं याचा हिशेब नको. एक दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी नवीन तारीख. "मागचं भरून काढू" म्हटलं की आठवड्यात वाचन बंद पडतं. वर्षात बायबल संपवायच्या तक्त्यांचं तेच होतं: ११८९ अध्याय, रोज तीनाहून थोडे जास्त, आणि नियमांनी भरलेलं लेवीय आलं की पुस्तक बंद.

फक्त २९ तारखेला ११९वं स्तोत्र येतं, ते १७६ ओव्यांचं. ते ३१ तारखेला ढकलायचं, नाहीतर आठ-आठ ओव्यांचे २२ तुकडे करून डबे भरताना एकेक म्हणायचा. १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं बहुतेक छोटी आहेत. एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनापर्यंत एक बसतं. पाठ करायची तर यांच्यापासून सुरुवात करा.

आणि रडकी स्तोत्रं गाळू नका. मंडळीत सगळ्यांना ख्रिस्ती बाई हसरीच हवी असते, म्हणून मुद्दाम लिहिते. तेरावं स्तोत्र बघा, सहाच ओव्या. पहिल्या दोन तक्रारीच्या: देवा, किती वेळ? पुढच्या दोन मागणीच्या. शेवटच्या दोन भरवशाच्या आणि गाण्याच्या. वही घेऊन याच मापाने आपलं लिहायचं: दोन ओळी तक्रार, दोन ओळी मागणी, दोन ओळी भरवसा. तक्रार मोघम नको. "मन अशांत आहे" असं नाही, "सासूबाईंच्या औषधांचे पैसे या महिन्यात कुठून आणू" असं. शेवटच्या दोन ओळी त्या दिवशी सुचल्या नाहीत तर जागा कोरी सोडा, खोट्या लिहू नका. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच की.

ओसरी
भायखळ्याची, हे तारखेचं गणित फ्रिजवर लावते. कोरी जागा सोडायची ही सूचना तर कुठल्याच अभ्यासवर्गात ऐकली नव्हती.

रातपाळी
नर्स मंडळींसाठी. हात धुवायला किमान २० सेकंद लागतात; प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली की साधारण तेवढाच वेळ. प्रत्येक पेशंटनंतर हात धुवायचेच असतात, म्हणजे पाळीत प्रार्थना किती वेळा होते ते मोजायलाच नको. पुटपुटू नका, मनात. मनगटात रोजरीचं ब्रेसलेट घालून वॉर्डात जाऊ नका, त्याखालची त्वचा धुतली जात नाही. माळ खिशातही नको, वाकलं की पडते आणि मग तीच उचलून परत खिशात जाते. लॉकरमध्ये ठेवा.

पेशंटसाठी प्रार्थना मोठ्याने करायची तर त्यांनी मागितली तरच. झोपून असलेल्या माणसाला "नको" म्हणता येत नाही, आणि आपण गणवेशात असतो. भेटायला येणाऱ्या मंडळातल्या बायकांनाही सांगणं: दहा मिनिटं पुरेत, खाटेवर बसू नका, आणि "देवाची इच्छा" हा शब्द दारातच ठेवून या. नाव घेऊन दोन वाक्यांची प्रार्थना, मग "डबा कोण आणतंय?" हे विचारा. दुसरं जास्त उपयोगी पडतं.

रविवारी ड्यूटी असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) रविवारची धरली जाते. मॉलमध्ये, दुकानात काम करणाऱ्या कितीतरी मुलींना हे ठाऊक नसतं आणि त्या उगाच मनाला लावून घेतात.

पेंटेकोस्टल_पोरगी
रातपाळीताई, पूर्ण अनुमोदन. आमच्या बाजूचं एक जोडते, आमच्यातच जास्त लागू आहे म्हणून. आरोग्याच्या सभेत (जिथे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना होते) कुणी "विश्वास असेल तर गोळ्या सोड" म्हणालं तर तिथून उठा. साखरेच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्याकडे परत जायचं नाही. बस, एवढंच.

गोराई_बेट
मे महिन्यात खुरसाजवळची (आळीतल्या क्रूसाजवळची) प्रार्थना. मुंबईत गल्लोगल्ली जे क्रूस दिसतात, त्यातले बरेच १८९६च्या प्लेगनंतरच्या काळात उभे राहिले. म्हणजे संकटातच उभारलेले, आणि आता त्यांच्याच भोवती आळीची सगळ्यात मजेची संध्याकाळ होते. ती नीट पार पाडायची तर तयारी अशी.

वेळ: साडेसातच्या आधी ठेवू नका, नोकरीवरून येणाऱ्या बायका पोहोचत नाहीत. रोजरी आणि लादीन (आळीपाळीने म्हणायची विनवण्यांची प्रार्थना) मिळून पाऊण तास. ध्वनिक्षेपक लावलाच तर शेजारच्या बिल्डिंगला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि त्यांनाही बोलवा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

चणे: ४० माणसांना एक किलो सुके काळे चणे. कागदाच्या पुड्यात मूठभर प्रत्येकी येतात. भिजायला आठ ते दहा तास. मेच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर ठेवले तर सकाळी फेस येतो आणि आंबूस वास येतो. एकदा पाणी बदला किंवा फ्रिजमध्ये भिजवा. सोडा घालू नका, सालं सुटतात आणि पुड्यात लगदा होतो. कुकरला चार-पाच शिट्ट्या, मग मंद आचेवर १५ मिनिटं. निथळून कोरडे झाल्यावर ओल्या खोबऱ्याचे पातळ काप, आणि पुडे बांधेपर्यंत उघडेच ठेवा. गरम पुडा बांधला की कागद फाटतो.

क्रूसाला रंग: ऑइलपेंट सोपा पडतो, पण जुन्या चुन्याच्या बांधकामात ओल आत अडकते आणि पावसाळ्यानंतर पोपडे धरतात. चुन्याची सफेदीच बरी, दरवर्षी द्यावी लागली तरी. हारासाठी खिळा ठोकू नका, सुतळीने बांधा. मेणबत्त्या काचेच्या बरणीत ठेवा, बेटावरचा वारा एकही टिकू देत नाही.

चाळ_तिसरा_मजला
एका खोलीत वेदी कुठे? डोळ्यांच्या उंचीवर एक फूट रुंद फळी, गॅसपासून आणि पडद्यापासून लांब. मेणबत्ती काचेच्या ग्लासात, तळाशी बोटभर पाणी. संपत आली की वात पाण्याला लागून विझते. प्लॅस्टिकची फुलं मेणबत्तीशेजारी कधीच नाही.

मालाडची_माय
लहान मुलांना घेऊन मागच्या बाकावर बसू नका. त्यांना फक्त पाठी दिसतात आणि दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. पुढे, पण कडेच्या बाकावर: वेदी दिसते आणि बाहेर नेता येतं. कुरकुरीत पाकिटं नकोत, केळं चालेल. प्रवचनात बाहेर जावं लागलं तर जायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही.

ओसरी
लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) जवळ आला की दरवर्षी तोच प्रश्न: मधुमेह असलेल्या बायकांनी काय करायचं?

वसईवाली
कॅथलिक नियम आधी नीट वाचा, तो लोक समजतात त्यापेक्षा हलका आहे. राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, तेही १८ ते ५९ वयाला: एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी खाणी, दोन्ही मिळून एका जेवणाएवढी होऊ नयेत. मांस वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायकांना सूट आहे. इन्सुलिन घेणारीने उपाशी राहणं म्हणजे पुण्य नाही, चक्कर आहे. तिने जेवण सोडू नये, दुसरं काहीतरी सोडावं: सीरियल, ऑनलाइन खरेदी, जावेबद्दलची चर्चा (हे सर्वांत अवघड, पैज लावते).

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. रविवार लेंटमध्येही पुनरुत्थानाचाच दिवस, उपवासाचा नाही. तेव्हा रविवारी गोडाचं बिनधास्त करा. वाचलेल्या मटणाचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाका. महिनाअखेरीला टाकू म्हटलं तर ते किराण्यात गेलेले असतात.

रात्रीचे_दहा
जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी शिकवलेलं दिवसाचं परीक्षण, दहा मिनिटांचं. क्रम: आभार, प्रकाश मागणं, दिवस सकाळपासून पुन्हा बघणं, जिथे चुकलं तिथे क्षमा, उद्याची एक गोष्ट. बायकांचं फसतं ते चौथ्या पायरीवर. आभार एका ओळीत उरकतात आणि उरलेला सगळा वेळ स्वतःला झोडपण्यात. म्हणून दहातली चार मिनिटं आभाराला ठेवा, आणि आभार वस्तूंचे माना. "कुटुंबासाठी आभार" हे फार गुळगुळीत झालं. "लिफ्ट सुरू होती", "लेकाने स्वतःहून ताट उचललं", "पापलेट परवडलं" असं. अंथरुणात करू नका, दुसऱ्या पायरीला झोप लागते. भांडी आवरल्यावर ओट्याजवळच्या स्टुलावर.

भायखळ्याची
मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, विसरू नका. १९२७पासून चालत आलेला, बायकांनी चालवलेला, आणि दरवर्षी एका देशातल्या बायका उपासनाक्रम लिहितात. २०२४ला पॅलेस्टाईनच्या बायकांनी, २०२५ला कुक बेटांवरच्या. सगळ्या पंथांच्या बायका एकत्र येतात. वाचनं आठवडाभर आधी वाटून द्या, नाहीतर नावांचे उच्चार तिथेच अडखळतात. गाणी पुरुषांच्या पट्टीत सुरू करू नका. पेटीवाल्याला आधी सगळ्यात उंच ओळ गायला लावा, ती बायकांना आरामात जमली की तीच पट्टी.

गोराई_बेट
नाताळ जवळ आला की गव्हाणीच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) गवताची विचारणा होते, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. गहू १४-१५ डिसेंबरला रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात एक दिवस बांधा, मोड दिसले की पसरट ताटलीत दोन बोटं माती घेऊन दाट पेरा. वर मातीचा पातळ थर पुरे. पहिले दोन दिवस झाकून, मग खिडकीत. पाणी ओतू नका, हाताने शिंपडा. ताटलीला भोक नसतं, साचलं की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी येते आणि सगळं फेकावं लागतं. २४ला चार-पाच बोटं उंच गवत मिळतं. बारीक, मऊ गवत हवं तर नाचणी, पण ती सावकाश वाढते, दोन-तीन दिवस आधी पेरा.

चाळ_तिसरा_मजला
खिडकीत ऊन येतच नाही, तिथे काय?

गोराई_बेट
मग गहूच घ्या, नाचणी नको. रंग पिवळट येईल आणि काड्या लांबून आडव्या पडतील. २३ तारखेला कात्रीने वरून सारखं कापा, आणि त्याआधी दोन दिवस शेजारणीच्या गॅलरीत ठेवायला द्या. तिला कुलकुलं (नाताळचा गोड फराळ) द्यायची असतातच.