क्रिटिकल व्हॅल्यू: तक्ता साठवायचा की दर वेळी काढायची?

उजवी शेपूट:
संख्याशास्त्रीय चाचण्यांच्या कोडमध्ये क्रिटिकल व्हॅल्यूचे (जिच्यापलीकडे गृहीतक नाकारायचं त्या सीमेचे) तक्ते कोंबणं आता थांबवावं. दुहेरी (दोन्ही शेपट्या धरणारी) टी-चाचणी, पातळी (खरं गृहीतक चुकून नाकारायची संभाव्यता) ५ टक्के, स्वातंत्र्यमात्रा (नमुन्याच्या आकारावरून ठरणारी संख्या) १०: आर या भाषेत क्यूटी(०.९७५, १०) लिहिलं की २.२२८ हजर. वेल्चच्या चाचणीत (दोन गटांचं विचरण समान न धरणाऱ्या टी-चाचणीत) स्वातंत्र्यमात्रा १३.७ अशी येते, तिची ओळ कुठल्या तक्त्यात शोधणार?

रँडमसीड:
टी, काय-वर्ग, एफपुरतं मान्य. डेटा नॉर्मल वितरणाचा आहे का हे पाहणाऱ्या लिलिफोर्सच्या चाचणीचं काय? सरासरी आणि प्रमाण विचलन नमुन्यातूनच काढलं आणि वर, ही दोन्ही आधीच ठाऊक धरणाऱ्या कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीची सीमा (१.३६ भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ) लावली, तर चाचणी फार क्वचित नाकारते. मोठ्या नमुन्याला तिथे १.३६ऐवजी सुमारे ०.८८६ हवं. डिकी-फुलरमध्ये (कालमालिका स्थिर आहे की भरकटते हे पाहणाऱ्या चाचणीत) स्थिरांकासह मोठ्या नमुन्याला सीमा −२.८६ आहे, लोक सवयीने नॉर्मलची −१.६५ लावतात. अशा ठिकाणी सिम्युलेशन (संगणकावर यादृच्छिक नमुने पुन्हा पुन्हा काढणं) करून तक्ता साठवावाच लागतो.

उजवी शेपूट:
सिम्युलेशनही जागेवरच करा की. ९,९९९ फेऱ्या, चढत्या क्रमाने लावा, ९,५००वी किंमत ही सीमा. पातळी सरासरीने नेमकी ५ टक्के.

रँडमसीड:
सरासरीने! एकेका वेळी ती पातळी सुमारे ०.२२ टक्केबिंदूंच्या प्रमाण त्रुटीने हलते. काठावरचा निकाल आज एक, उद्या दुसरा. सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) बांधलं तर उत्तर स्थिर दिसतं, अचूक होत नाही. त्रुटी निम्मी करायला फेऱ्या चौपट लागतात. एकदाच लाखो फेऱ्या करून ठेवलेला तक्ता परवडला.

द्विपद:
खंडित वितरणं (ज्यांत फक्त सुट्या किमती येतात) दोघांनीही सोडलीत. नाण्याच्या २० फेकी, छापाची संभाव्यता ०.५, उजवी बाजू, ५ टक्के. पायथनच्या सायपाय लायब्ररीचं पीपीएफ(०.९५) (संचित संभाव्यतेवरून किंमत काढणारं व्यस्त फलन) १४ देतं, कारण संचित संभाव्यता ०.९५ला पोचते ती पहिली किंमत तीच. म्हणून ‘१४ किंवा जास्त’ असेल तर नाकारलं, की पातळी ५.७७ टक्के. ‘१४हून जास्त’ लिहा: २.०७ टक्के. एका बरोबरच्या चिन्हाचा फरक, आणि कोड बिनतक्रार चालतो.

उजवी शेपूट:
तो दोष वापरणाऱ्याचा, फंक्शनचा नव्हे. तसं तर १ वजा १०⁻¹⁷ हे डबलमध्ये (संगणकाच्या ६४-बिट दशांश संख्येत) चक्क १ होतं आणि नॉर्मलचं पीपीएफ अनंत देतं. शेपटीसाठी आयएसएफ (शेपटीच्या संभाव्यतेवरून थेट सीमा काढणारं फंक्शन) असताना पीपीएफ का वापरावं?

द्विपद:
दोष कुणाचाही असो, वापरणारा फसतोच. एक्सेलचं जुनं टीआयएनव्ही(०.०५, १०) दुहेरी धरून २.२२८ देतं, मध्ये टिंब असलेलं नवं टी.आयएनव्ही डावी शेपूट धरून −१.८१२. काढलेली सीमा सीडीएफमध्ये (संचित संभाव्यता देणाऱ्या फलनात) परत घालून पातळी जुळते का, ही टेस्ट कोडमध्ये नसेल तर तुमच्या व्यस्त फलनापेक्षा मला छापील तक्ता चालेल.