कोंबड्यांचे तुरे फिके पडलेत, संध्याकाळी खुराड्यात शिरत नाहीत. घरगुती उपाय आहे का?

मळ्याकडची (मखमलाबाद, नाशिक)

नमस्कार. घरामागे ८ गावरान आणि ४ गिरिराज आहेत, सगळ्या दीड वर्षाच्या आतल्या. खुराडं द्राक्षाच्या जुन्या लाकडी पेट्या आणि फळ्या ठोकून केलेलं, वर पत्रा, खाली भाताचं तूस. ऊन वाढल्यापासून तुरे फिकट गुलाबी झालेत आणि अंडी निम्म्यावर आलीत. खातात नीट, हगवण नाही, नाक वाहत नाही. दिवेलागणीला दारापर्यंत येतात आणि मागे फिरून शेवग्यावर चढतात. उचलून आत टाकल्या तर रात्रभर पाय आपटतात. खुडूक बसलेली एक तर अंडी सोडून उठली. दिवसा पिसं उलटून पाहिली, उवा दिसल्या नाहीत.

खाणं म्हणजे मक्याचा भरडा, बाजरी, घरातलं उरलंसुरलं आणि चाळीतून निवडून काढलेला कांदा. सासूबाई लसूण-हळदीचं पाणी द्या म्हणतात, शेजारचे म्हणतात जंत झालेत. आधी काय करू?

खुराडं_आणि_मी (सिन्नर)

ताई, पाणी-बिणी नंतर, आधी रात्री खुराडं बघा. तुरा फिका, आत जायची भीती, खुडूक उठलेली आणि दिवसा अंगावर काहीच नाही, हे सगळं एकत्र असलं की पहिला संशय लाल माइटवर, म्हणजे रक्तपित्या बारीक किड्यावर. आपल्याकडच्या द्राक्षबागेतल्या लाल कोळीच्या गोतातलाच, पण हा रक्त पितो. दिवसा लाकडाच्या फटीत, रात्री कोंबडीवर. म्हणून पिसं उलटून सापडत नाही. उवा चोवीस तास अंगावरच असतात, हा मोठा फरक.

रात्री ९ नंतर टॉर्च घेऊन जा आणि बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद दाबून ओढा. कागदावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या तर निकाल लागला. दिवसा दांडी भिंतीला टेकते तिथे राखेत मीठ-मिरी मिसळल्यासारखा भुगा दिसतो, तीच त्यांची वस्ती. उपाशी किडा करडा, प्यालेला लाल, आकार मिलिमीटरच्या आत. हाताला खाज सुटली तर नवल नाही, तो माणसालाही चावतो.

सापडला तर एक सकाळ मोकळी ठेवा. तूस सगळं काढून लांब नेऊन जाळा, उकिरड्यावर टाकू नका. दांड्या आणि अंड्यांची खोकी सुटी करून फटीफटीत उकळतं पाणी ओता, मग दिवसभर उन्हात. फवारणीला १ लिटर पाण्यात २० मिली कडुनिंबाचं तेल आणि ५ मिली भांड्यांचा लिक्विड साबण. साबण आधी तेलात घोटायचा आणि पाणी हळूहळू घालत ढवळायचं. थेट पाण्यात तेल ओतलं की ते वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. फटीतून ओघळेपर्यंत मारा, वरवर नको. वाळलं की चुना. १ किलो कळीचा चुना ४-५ लिटर पाण्यात आदल्या दिवशी भिजवा (उकळतो, डोळे सांभाळा, प्लॅस्टिकची बादली नको), गाळा आणि ब्रशने फटी बुजतील असा लावा. पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत नकोत, ओल्या चुन्याने पाय भाजतात.

आता लोक चुकतात ती जागा. पहिल्या फवारणीत किडे मरतात, अंडी राहतात. या उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला आठवडाभर पुरतो. त्यामुळे दर ५-६ दिवसांनी आणखी दोनदा फवारायचंच, किडे दिसोत न दिसोत. खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही भागत नाही, हा प्राणी उपाशी कित्येक महिने काढतो.

दांडीची टोकं भिंतीला टेकवू नका. लोखंडी ब्रॅकेटवर ठेवा आणि ब्रॅकेटला ग्रीस लावा. दांडीखाली पन्हळी पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या बांधा, किडे पहाटे त्यात लपायला जातात. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी काढून जाळायच्या. आणि त्या पेट्या, खरं सांगायचं तर, काढून टाका. दोन फळ्या एकावर एक ठोकलेल्या, मध्ये कागद जाईल एवढी फट. याहून चांगलं घर माइटला बांधून देता येणार नाही.

कांदाचाळ (लासलगाव)

माइट असेल तर वरचं बरोबर. पण कांदा आजपासून बंद करा, माइट निघाला तरी. कांद्यातले गंधकयुक्त घटक रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एखादी फोड उरल्यासुरल्यात गेली तर काही होत नाही, पण चाळीतला माल रोज पाटीभर टाकला की तुरा फिका पडायला हे दुसरं कारण तयार. त्यात निवडून काढलेला म्हणजे काळी बुरशी लागलेला, म्हणजे आणखी वाईट. अंड्यालाही वास लागतो. लसूण त्याच कुळातला. १ लिटर पाण्यात एखादी ठेचलेली पाकळी, आठवड्यातून दोनदा, याहून जास्त नको आणि आत्ता तर मुळीच नको.

खाण्यात दुसरी अडचण प्रथिनांची आहे. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात, मक्यात ९ च्या आसपास, बाजरीत थोडी जास्त. रक्त भरून यायचं तर नुसत्या धान्यावर जमणार नाही. निम्मं लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) द्या, वर शेवग्याचा पाला. झाड दारात आहेच. शेंगदाण्याची पेंड देणार असाल तर ताजी, कडक. ओल धरलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं, ते यकृत खातं.

मळ्याकडची

कागद लाल झाला. दांडीखाली थर होता अक्षरशः. कांदा बंद केला.

दोन शंका. तंबाखूचं पाणी फटीत मारलं तर चालेल का? आणि बागेत लाल कोळीवर मारायचं औषध थोडं उरलंय, तेच खुराड्यात वापरावं असं घरचे म्हणतात. शिवाय इतक्यात दोन अंडी पापुद्र्यासारख्या कवचाची आली, हेही माइटमुळेच का?

परसातली_पाखरं (निफाड)

बागेतलं औषध अजिबात नको. ते पानासाठी मोजलेलं असतं. इथे कोंबडी त्याच लाकडावर रात्रभर बसणार, चोच घासणार, आणि अंश अंड्यात उतरणार. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांचा फिप्रोनिल स्प्रेही त्याच कारणाने बाद. युरोपात २०१७ साली याच फिप्रोनिलपायी लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली होती, आणि तिथेही ते कोंबड्यांच्या शेडमध्ये माइटसाठीच वापरलं होतं. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आत जातं, कोंबडीच्या आणि तुमच्याही. रॉकेलने कातडी भाजते. डांबर गोळ्या अंड्यांच्या खोक्यात ठेवतात काही जण, त्याही विषारीच.

कोंबडीला स्वतःचं काम करू द्या, म्हणजे धुळीत लोळून अंग साफ करणं. एक पसरट घमेलं घ्या, त्यात २ भाग कोरडी बारीक माती, १ भाग चाळलेली लाकडाची राख, मूठभर वाळलेला कडुनिंबाचा पाला चुरून. दगडी कोळशाची राख नको. जागा छपराखालची हवी, कारण राख भिजली की चुन्यासारखी चरचरते आणि पावसाळ्यात नेमकं तेच होतं. हा उपाय उवांवर उत्तम, माइटवर निम्मा, कारण माइटचा मुक्काम फटीत.

शेवग्यावर झोपू देऊ नका. उदमांजर आणि रानमांजर झाडावरूनच उचलतात. खुराडं वाळेपर्यंत डाल्याखाली झाका, पण डालंही आधी उकळत्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर किडा त्यातूनच परत येईल.

खुराडं_आणि_मी

पातळ कवच बहुतेक उन्हामुळे. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कवचाला लागणारं कॅल्शियम कार्बोनेट बनवायला तो अपुरा पडतो. म्हणून मे महिन्यात खाण्यातला चुना नुसता वाढवून फरक पडत नाही. सावली, गोणपाट ओलं करून जाळीवर, आणि मातीच्या भांड्यात पाणी दिवसातून तीनदा बदललेलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाण्यात मिसळू नका. जिला हवा ती खाते. अंड्यांची टरफलं द्यायची तर तव्यावर भाजून बारीक चुरा करून. अर्धी टरफलं तशीच टाकली की अंडं फोडून खायची चटक लागते, आणि ती मोडणं फार कठीण.

पातळ कवचाचं अंडं आतच अडकतं कधी. कोंबडी शेपटी खाली टाकून उभी, पोट ओढत कळा देते, खोक्यातून उठते-बसते. कोमट पाण्यात (मनगटाला गरम लागेल, पोळणार नाही, इतपत) पोटापर्यंत २० मिनिटं धरा, गुदद्वाराला खोबरेल तेल, मग अंधाऱ्या शांत जागी ठेवा. तासाभराने पुन्हा. पोट दाबून काढायला जाऊ नका. अंडं आत फुटलं तर कवचाने जखम होते आणि सहसा वाचत नाही. दिवसभरात सुटलं नाही तर डॉक्टर.

परसातली_पाखरं

एक राहिलं. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस झालीय का? हिरवी हगवण, मान पिळलेली, एकामागून एक मरतात, तिथे हळद, लसूण, कडुनिंब काही चालत नाही. मोठ्या कोंबडीला आरटूबी ही लस पंखाखाली टोचतात, पण आधी लासोटा ही सौम्य लस दिलेली नसेल तर थेट आरटूबी नको, जोर जास्त असतो. आणि आत्ता रक्त कमी आहे तेव्हा कुठलीच नको, तुरे लाल झाल्यावर. १२ कोंबड्यांपुरती कुपी मिळत नाही. मखमलाबादमधली चार-पाच घरं एकत्र करा, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. लस बर्फातच आणायची, आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची.