मदत हवी आहे: फिनलंडमध्ये म्यॉक्कीवर (सुट्टीतल्या घरी) बोलावलंय, सॉनाचं (तापवलेल्या खोलीतल्या वाफेच्या स्नानाचं) काय करू?

आम्ही ताम्पेरेला राहतो. नवऱ्याच्या फिनिश कलीगने युहान्नुसला, म्हणजे जूनमधल्या त्यांच्या मोठ्या सणाला, तळ्याकाठच्या म्यॉक्कीवर राहायला बोलावलंय, त्याची बायको आणि सासूसासरेही असणारेत. वेळेवर पोचायचं, बूट दारातच काढायचे, सॉनाआधी अंग धुवायचं, बाकावर छोटा टॉवेल टाकून बसायचं एवढं वाचून ठेवलंय. शाकाहारी आहोत, दारू घेत नाही हे सांगून झालंय.

अडलंय ते सॉनापाशी. बायका आणि पुरुष आळीपाळीने जातात हे कळलं पण आत अंगावर कपडे नसतात आणि मला ते अजिबात जमणार नाही, आणि ती माणसं सरपण घालून तासभर तरी सॉना तापवत बसणार, एवढं सगळं आमच्यासाठी करणार, मग मी नाही म्हटलं तर त्या सासूबाईंना वाईट वाटायला नको हो. कलीगला विचारलं तर "तुम्हाला हवं तसं करा" एवढंच म्हणाला. आपल्याकडे असं म्हणणाऱ्याच्या मनात बरेचदा वेगळंच असतं, फिनिश माणसाचं कसं घ्यायचं?

फिनिश कुटुंबात राहिलेल्यांनी प्लीज सांगा, बायकांची जायची वेळ असेल तेव्हा टॉवेल गुंडाळून बसलं तर चालतं का? आणि नाहीच म्हणायचं तर आधी मेसेज करून सांगू की तिथे गेल्यावर?