प्रतिसाद: समित्यांना दात नाहीत?
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की मध्यवर्ती बँकेला (देशाचे व्याजदर ठरवणाऱ्या बँकेला) संसदेच्या समित्या नुसते प्रश्न विचारतात, व्याजदर थोडीच बदलू शकतात. अहो पण बदलूच नयेत ना, निर्णयाचं कारण सांगायला लावणं हेच त्यांचं काम. अमेरिकेत फेडच्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या) अध्यक्षांना वर्षातून दोनदा दोन्ही सभागृहांच्या समित्यांसमोर बसावं लागतं, तेही लाइव्ह, आणि महागाईचा अंदाज का चुकला म्हणून विचारलं की टाळाटाळ सगळ्यांना दिसते. भारतात अर्थविषयक स्थायी समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, आणि २०२२ मध्ये महागाई सलग तीन तिमाही ठरलेल्या मर्यादेबाहेर राहिल्यावर रिझर्व्ह बँकेने सरकारला त्याची कारणं सांगणारा रिपोर्ट दिला तोही तेव्हा जाहीर केला नाही. हे फार खटकतं मला, निदान गव्हर्नरांची साक्ष तरी शब्दशः वाचायला मिळायला हवी.