फी 'माफ' झाली, तरी खिशातून किती गेले? अनुभव लिहा

धाकटीचा कॅपमधून (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) सांगलीच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागलाय. पहिल्या दिवशी काउंटरवर किती मोजले आणि त्यातले किती, कधी परत आले, एवढंच लिहा. ऐकीव नको.

माझं आधी. थोरल्याला २०१९ साली राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळणार होती. उत्पन्न ८ लाखांच्या आत, दाखला तयार. कॉलेज म्हणालं, आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की बघू. आमची द्राक्षं उतरतात फेब्रुवारीत, फी ऑगस्टात. मेहुण्याकडून उसने घेतले. शिष्यवृत्ती दिवाळीत आली, पण पुढच्या वर्षीच्या.

– तासगाव

भाच्याला मॅनेजमेंट कोट्यातून घातला. 'शिष्यवृत्तीचं नंतर बघू' असं ऑफिसातून गोड बोलले. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरायला बसलो तेव्हा उजेड पडला, कॅपमधून प्रवेश नसेल तर यातलं काहीच मिळत नाही. चार वर्षं पूर्ण फी भरली. एक म्हैस त्यातच गेली.

– कराड

दादा, मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) किंवा एसईबीसीत (सामाजिक-शैक्षणिक मागास) बसते का बघा. जुलै २०२४ च्या जीआरनं अशा मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. माझ्या लेकीला मिळाली. पण पावतीवर 'डेव्हलपमेंट फी' वेगळ्या ओळीत असते, ती भरावीच लागली. होस्टेल, मेस आपलंच.

– विटा

आमचा टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे फी माफीच्या राखीव जागांतून लागला, शिक्षण फी शून्य. फक्त त्यात मग ब्रँच बदलता येत नाही. पोरगं मेकॅनिकलला कंटाळलंय, आणि आम्ही फीचा आकडा दाखवून गप्प बसवतोय. बरं वाटत नाही.

– सातारा

मी साताऱ्यात रयतच्या 'कमवा आणि शिका'मधून शिकलो. बागेला पाणी घातलं, वाफे खुरपले. नातवाची फी ऐकली. एवढ्या पैशाला किती वाफे, हिशोबच लागेना.

– कोरेगाव

पैसे आलेच नाहीत म्हणून वर्षभर कॉलेजला शिव्या घातल्या. आले होते! आधार जोडलेलं होतं गॅस सबसिडीसाठी काढलेल्या जुन्या खात्याला. पासबुक छापल्यावर कळलं.

– मिरज

मिरजकर, हे बरं सांगितलंत. धाकटीची दोन खाती आहेत, आधार कुठल्याला जोडलंय ते घरात कुणालाच ठाऊक नाही. सोमवारी आधी बँक, मग कॉलेज. विट्याच्या ताई, जमलं तर तुमच्या पावतीतल्या सगळ्या ओळी टाका, रकमेसकट.

– तासगाव