मदत हवी आहे: पंखाची रिब ठोकून काढली की वाकते

वाऱ्यावरचा_गडी
नमस्कार मंडळी. दोन आसनी विमान बांधतोय, गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये. पंखाच्या १४ रिबांपैकी (पंखाला आकार देणाऱ्या पत्र्याच्या फासळ्या) ३ ठोकून झाल्या, तिन्ही वाया. रिबेच्या आकाराच्या ठोकळ्यावर असेपर्यंत सरळ, सोडवली की धनुष्य. फ्लँज, म्हणजे काटकोनात वळवलेली कड, वर करून फरशीवर ठेवली तर दोन्ही टोकं टेकतात, मधून बोट जातं. नाकाजवळच्या वळणावर बारीक चीरही दिसते. रविवारी मदतीला माणूस सांगून ठेवलाय. काय चुकतंय, लवकर सांगा.

तांबटाचा_नातू
पत्रा तापवून मऊ करा. आमचे आजोबा हंडा ठोकताना मधनंमधनं भट्टीत लाल करायचे. चीर पडायचा प्रश्नच नाही.

उद्यमनगर_लेथ
दादा, ते तांब्याचं. ॲल्युमिनियम लाल दिसायच्या आधीच वितळून खाली येतं. धागाकर्ते, पत्रा कुठला? जाडी किती? ठोकळ्याच्या धारेला गोलाई किती?

वाऱ्यावरचा_गडी
पत्रा विमानाचाच आहे, हार्ड. ठोकळा लाकडी. एवढं पुरे ना?

उद्यमनगर_लेथ
नाही पुरत. हार्ड हा ग्रेड नव्हे. सर्टिफिकेट बघून सांगा.

रंकाळा_संध्याकाळ
पत्र्याच्या नादाला लागताच कशाला? फोम कापा, वर फायबरग्लास चढवा, रिबांची कटकटच नाही. आणि डीजीसीएचं (विमानांना परवानगी देणारं सरकारी खातं) काय केलंय? कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी बघितलं, तरी उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. आधी कागद, मग पत्रा.

वाऱ्यावरचा_गडी
कागदांचं चालू आहे, त्याचा वेगळा धागा काढीन. इथं रिबेचं बोला. सर्टिफिकेट बघितलं: ६०६१-टी६ (भट्टीत कडक केलेलं ॲल्युमिनियम), ०.६३ मिमी. धारेला गोलाई दिलेली नाही, कोरी काटकोनी धार आहे.

निवृत्त_पत्राकाम
चीर तिथूनच आली. टी६ पत्रा कोऱ्या धारेवर वळवायचा नसतो. धारेला निदान २ मिमी त्रिज्या द्या, ३ दिली तर उत्तम. वळवण्याआधी पत्र्याची कापलेली कड कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. नखाला लागेल एवढा ओरखडाही चीर सुरू करतो. रेघा शिसपेन्सिलीनं मारल्या असतील तर पुसून टाका, ग्रॅफाइटनं ॲल्युमिनियमला गंज धरतो. मार्कर वापरा.

आता वाकण्याचं. रिबेची वरची बाजू फुगीर असते. वळवण्याआधी फ्लँजची कड मोठ्या कंसावर असते, वळल्यावर तिला लहान कंसात मावायचं असतं. जास्तीचा पत्रा जाणार कुठं? कड लांबच राहते आणि वेबला, म्हणजे रिबेच्या सपाट भागाला, धनुष्यासारखं ताणते. म्हणून फ्लँजला फ्लूट पाडायचे, म्हणजे छोट्या चुण्या. प्रत्येक चुणी रिव्हेटच्या दोन भोकांच्या मधोमध, आतल्या बाजूला, स्किनपासून (पंखावर चढणाऱ्या पत्र्यापासून) दूर. एका चुणीनं थोडंसंच सरळ होतं. एक पाडा, फरशीवर ठेवा, बघा, मग पुढची.

चुण्या पाडायची पक्कड घरीच करता येते. साध्या पकडीच्या एका जबड्याला दोन गोल सळ्या, दुसऱ्याला त्यांच्या मधे बसेल अशी एक. वेल्ड केल्यावर सळ्या पॉलिश करा, नाहीतर त्याच चरे पाडतील.

ठोकळ्याची बाजूही ४-५ अंश आत उतरती हवी. पत्रा हातोडा उचलला की थोडा मागे येतोच. आणि तापवायचं नाव काढू नका. टी६ ची ताकद गेली की परत आणायला ५३० अंशांची भट्टी, लगेच पाणी, मग १६० अंशांवर तासन्‌तास शेकणं.

शिरोली_प्रेस
एवढं ठोकत बसण्यापेक्षा वर जाड रबर ठेवून १०० टनी प्रेसमध्ये दाबा. दिवसात सगळ्या रिबा.

उद्यमनगर_लेथ
रिब धरा १३० बाय १५ सेमी. १०० टन वाटले तर चौरस सेमीला जेमतेम ५० किलो येतात. पत्रा वळेल, कोपरे बसणार नाहीत.

शिरोली_प्रेस
नाकाचे छोटे तुकडे तरी नक्की बसतील. करून बघितल्याशिवाय नाही म्हणू नका.

वाऱ्यावरचा_गडी
काका, तुमच्या पद्धतीनं पक्कड केली. तिसरी रिब घेतली, वरच्या फ्लँजला नऊ चुण्या पाडल्या. फरशीवर सपाट बसली, कागदसुद्धा खाली जात नाही! आता नवीन अडचण. स्पारची (रिबा जिला जोडतात त्या पंखाच्या मुख्य तुळईची) भोकं जुळत नाहीत. नकाशात लांबी १४०० मिमी, रिब भरते १४१४. चुण्यांनी पत्रा लांबला का?

निवृत्त_पत्राकाम
चुण्यांनी लांबी वाढत नाही. ठोकळा कुणी केला?

वाऱ्यावरचा_गडी
उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्यानं (ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा). सागवानी, सुबक. हे सांगायचं राहिलं.

उद्यमनगर_लेथ
तेच. त्यांच्या हातातली पट्टी बिडाच्या ओतकामाची असणार. बीड थंड होताना आकसतं, म्हणून ती पट्टी १ टक्का मोठी असते. १४०० चे बरोबर १४१४. त्यांची चूक नाही, त्यांना ओतायचं नाही हे सांगायला हवं होतं.

निवृत्त_पत्राकाम
ठोकळा टाकू नका. मोठा आहे, लहान नाही. साध्या फितीनं नवीन टेम्प्लेट काढा, त्यातून पत्र्याची जाडी वजा करा आणि तेवढा उतरवून घ्या. गोलाई आणि उतार त्याच वेळी होईल.

वाऱ्यावरचा_गडी
आत्ताच जाऊन आलो. त्यांच्या पट्टीवरच्या १ मीटरला माझी फीत १०१० दाखवते. त्यांनाच उतरवायला दिलाय, बुधवारी मिळेल. रविवारच्या माणसाला नको म्हणून कळवलं.